धुक्यांतले सूर आणि उजेडांतला रंगमंच

गाणें ऐकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. गायक समोर बसलेला असतांना ऐकण्याची एक, आणि गायक दृष्टीआड असतांना, तबकडीवरून वा नभोवाणीवरून ऐकण्याची दुसरी. पहिल्या तऱ्हेंत गाणें आणि माणूस यांची फारकत करतां येत नाहीं. गायकाचा घसा बसला असेल तर तें दिसतें. साथीदाराशीं त्याचें बिनसलें असेल तर तेंहि फार वेळ लपत नाहीं. दुसऱ्या तऱ्हेंत माणूस नाहींसा होतो आणि नाद तेवढा उरतो. तबकडीचा शोध लागल्यापासून या दोन तऱ्हांची ओढाताण चालूच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत ब्रिटनमध्यें एक संगीत असें निर्माण झालें कीं, त्यांत ही ओढाताण अगदीं टोकाला गेली. तें संगीत मुळीं बंद खोलींतच जन्माला येई. एकाच गिटारीचे अनेक पडसाद, एकाच गळ्याचे चार-चार आवाज एकावर एक चढवून त्याची घडण होई. असें गाणें घेऊन तीन-चार माणसें रंगमंचावर उभीं राहिलीं, म्हणजे त्यांनीं करावें तरी काय? या संगीताला पुढें ‘ड्रीम-पॉप’, म्हणजे स्वप्नासारखें लोकप्रिय गीत, असें नांव पडलें. त्याच्या इतिहासांत अनेक मंडळी येऊन गेली. पण त्यांतील दोन मंडळींची हकीकत शेजारीं शेजारीं ठेवून पाहिली, तर वरील प्रश्नाचीं दोन अगदीं भिन्न उत्तरें हातीं लागतात.

या संगीताचें मूळ लंडनच्या एखाद्या झगमगत्या नाट्यगृहांत सांपडत नाहीं. तें सांपडतें स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ या धुराड्यांच्या गांवीं. फोर्थ नदीच्या खाडीकाठीं वसलेल्या या गांवांत १९२४ सालीं खनिज तेल शुद्ध करण्याचा कारखाना निघाला आणि तो पुढें शंभर वर्षें, २०२५ पर्यंत, चालला. अशा गांवीं रॉबिन गथ्री आणि विल हेगी या दोन तरुणांनीं १९७९ च्या सुमारास एकत्र वाजवायला सुरुवात केली. गथ्रीकडे गिटार, हेगीकडे खर्जाची बेस गिटार. गांवांतील एका हॉटेलांत गथ्री नाचासाठीं तबकड्या लावण्याचें काम करी. तेथें येणारी एलिझाबेथ फ्रेझर नांवाची एक मुलगी त्याच्या नजरेस पडली. तिचें वय त्या वेळीं सतरा वर्षांचें. ही मुलगी इतकी छान नाचते, तर गातहि असेल, अशा तर्कानें तिला गायला बोलावलें, असें सांगतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें अनुमान लंगडें खरें. पण त्या पिढीच्या संगीतांत इतकें फळलेलें दुसरें अनुमान क्वचितच आढळेल.

मंडळीनें ‘कॉक्टो ट्विन्स’ हें नांव घेतलें तें पुढें ‘सिंपल माइंड्स’ म्हणून नांवारूपास आलेल्या स्कॉटिश मंडळीच्या एका जुन्या गाण्यावरून. या तिघांत ताल धरणारा कोणीच नव्हता. ड्रम वाजविणारा गडी मिळविण्याऐवजीं त्यांनीं एक विजेचें तालयंत्र घेतलें. ही गोष्ट वरवर पाहतां काटकसरीची. परंतु तिचे परिणाम फार दूरवर झाले. जिवंत तालवाला गवयाकडे पाहतो, त्याच्याबरोबर किंचित् मागें-पुढें होतो, जागा सोडतो, समेवर डोळा मिचकावतो. यंत्र कोणाकडेहि पाहात नाहीं. त्याच्यापुढें गाणाऱ्याला स्वतःच सावध राहावें लागतें.

त्या काळीं ब्रिटनमध्यें मोठ्या ग्रामोफोन कंपन्यांच्या छायेबाहेर अनेक लहान स्वतंत्र कंपन्या निघत होत्या. ‘इंडी’ हा शब्द त्यांच्याच स्वतंत्रपणावरून आला. मूळ अर्थ पाहिला तर तो धंद्याचा शब्द आहे, संगीताचा नव्हे; पुढें मात्र एका विशिष्ट रुचीलाच लोक इंडी म्हणूं लागले. अशांपैकीं ‘फोर ए.डी.’ ही कंपनी १९८० सालीं लंडनमध्यें निघाली आणि तिचा चालक आयव्हो वॉट्स-रसेल यानें ग्रेंजमाउथच्या या मुलांना हाताशीं धरलें. १९८२ सालीं ‘गार्लंड्स’ ही त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. बी.बी.सी.वर जॉन पील हा रात्रींच्या कार्यक्रमांत नवख्या मंडळींना स्टुडिओंत बोलावून त्यांचें गाणें खास मुद्रित करवून घेई. त्यानें यांनाहि बोलावलें, एकदां नव्हे तर अनेकदां. ज्यांना पैशाअभावीं जाहिरात करतां येत नव्हती अशा कितीतरी मंडळींना पील यानें घरोघर पोंचविलें. २००४ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याचें हें काम चालूच होतें.

तबकडीचा बोलबाला झाल्यावर दौरे आले. १९८३ सालीं एका मोठ्या लोकप्रिय मंडळीच्या आधीं वाजविण्यासाठीं ही मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. दुसऱ्यांच्या श्रोत्यांपुढें, अर्ध्या भरलेल्या सभागृहांत रोज उभें राहायचें. मागें तालयंत्राचा तोच तो ठोका, आणि पुढें एक लाजाळू मुलगी. फ्रेझरला रंगमंचाची धास्ती आयुष्यभर होती, आणि तिनें ती कधीं लपविली नाहीं. दौरा संपल्यावर हेगी मंडळींतून बाहेर पडला. गथ्री आणि फ्रेझर हीं दोघेंच उरलीं. तीं एव्हांना पतिपत्नीप्रमाणें एकत्र राहात होतीं.

येथें या संगीताला खरें वळण मिळालें. दोघांनींच मिळून १९८३ सालीं ‘हेड ओव्हर हील्स’ ही तबकडी केली. वादक नाहींत, दौरा नाहीं, कोणाला कांहीं समजावून सांगावयाचें नाहीं. स्टुडिओ हेंच वाद्य झालें. गथ्री हा रीतसर शिकलेला वादक नव्हे. तारांवर बोटें चपळाईनें फिरवून श्रोत्यांना थक्क करण्याचें कसब त्याच्यापाशीं नव्हतें, आणि त्याची त्याला खंतहि नव्हती. त्याचें सारें लक्ष तार छेडल्यानंतर पुढें काय होतें याकडे. गिटारींतून निघालेला विजेचा संदेश ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वीं एक यंत्र त्याला अडवून धरतें, अर्ध्या-पाव सेकंदानें सोडतें, पुन्हां थोडा क्षीण करून सोडतें. हा झाला पडसाद. दुसरें यंत्र मूळ सुराची एक नक्कल किंचित् हलवीत त्याच सुरावर ठेवतें. दोन सूर जवळजवळ एक असूनहि एक नसल्यामुळें पाण्यावरच्या उन्हासारखी थरथर त्यांत येते. तिसरें सुराच्या कडा खरडून त्याला करकरीत करतें, आणि चौथें एखाद्या प्रचंड घुमटाखालीं असावा तसा घुमारा त्याला देतें. हीं यंत्रें एकापुढें एक जोडून एकच तार छेडली, तर जें ऐकूं येतें त्याला गिटार म्हणावें कीं वाऱ्याचा लोट, असा प्रश्न पडतो. अशा लोटांचे थरावर थर गथ्री चढवी, आणि त्या थरांतून फ्रेझरचा गळा वर येई.

या गळ्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. फ्रेझर इंग्रजी गाते कीं आणखी कांहीं, हेंच पुष्कळांना कळेना. तिला अर्थ न कळणाऱ्या परक्या भाषांच्या पुस्तकांतून, शब्दकोशांतून, केवळ उच्चार आवडला म्हणून ती शब्द उचली. कांहींची मोडतोड करी, कांहीं स्वतः घडवी. ज्याच्या कानावर तराणा पडलेला आहे त्याला यांत फारसें नवल वाटूं नये. ‘तनन’ आणि ‘दिर दिर’ यांचा अर्थ कोणी विचारीत नाहीं, आणि आलापींतील नोम्-तोम् ऐकतांना शब्दकोश घेऊन कोणी बसत नाहीं. ब्रिटिश वृत्तपत्रकारांना मात्र हें मोठें कोडें वाटलें, आणि त्यांनीं तिच्यावर देवदूतांच्या व पऱ्यांच्या उपमांचा असा कांहीं वर्षाव केला कीं, मंडळीला त्याचाच वीट आला. तराण्याशीं केलेली ही तुलना अर्थात् पुरती जुळत नाहीं. तराण्याला तालाची शिस्त आणि परंपरेचा आधार असतो. फ्रेझरचे शब्द तिचे एकटीचे. एखाद्या लाजाळू माणसानें पडद्याआडून बोलावें तसें तें बोलणें होतें, हें पुढें पडदा सरकला तेव्हां स्पष्ट झालें.

त्याच वर्षीं वॉट्स-रसेल यानें आपल्या कंपनींतील निरनिराळ्या कलावंतांना एकत्र आणून ‘धिस मॉर्टल कॉइल’ या नांवानें मुद्रण करविलें. त्यांत गथ्री आणि फ्रेझर यांनीं टिम बकली या अमेरिकन गायकाचें ‘साँग टु द सायरन’ हें गाणें केलें. एक गिटार आणि एक आवाज, बाकी जवळजवळ कांहीं नाहीं. स्वतंत्र कंपन्यांच्या खपाच्या यादींत तें शंभराहून अधिक आठवडे राहिलें. या दोघांना यंत्रांचा डोलारा नसतांनाहि श्रोत्याला धरून ठेवतां येत होतें, याचा हा पुरावा म्हटला पाहिजे. पण त्या वाटेनें तीं पुढें गेलीं नाहींत.

१९८३ च्या अखेरीस तिसरा गडी आला: सायमन रेमंड. याचे वडील आयव्हर रेमंड हे १९६०च्या पिढीतील नांवाजलेले संगीत-संयोजक. त्यामुळें मुलाला स्वरांच्या जुळणीची जाण घरींच मिळालेली. १९८४ सालीं मंडळीचें ‘पर्ली-ड्यूड्रॉप्स ड्रॉप्स’ हें गाणें ब्रिटनच्या सर्वसाधारण यादींत २९ व्या क्रमांकापर्यंत चढलें, आणि वर्षाअखेर ‘ट्रेझर’ ही तबकडी निघाली. तिच्यांतील गाण्यांना एकेका शब्दाचीं, बहुतेक माणसांचींच, नांवें आहेत. त्यांतील पहिल्याचें नांव ‘आयव्हो’, म्हणजे कंपनीच्या चालकाचें. श्रोत्यांनीं ही तबकडी डोक्यावर घेतली. गथ्रीला ती कधींच आवडली नाहीं. ती घाईंत, अर्धवट झाली असें तो म्हणे. कलावंताचें स्वतःच्या कृतीविषयींचें मत प्रमाण मानावें असा कांहीं नियम नाहीं, आणि या बाबतींत तरी श्रोत्यांचेंच बरोबर आहे.

रंगमंचावर मात्र जुनीच अडचण उभी होती. तबकडीवर फ्रेझर स्वतःशींच चार आवाजांत गाई. सभागृहांत तिला गळा एकच. गथ्रीच्या गिटारीचे तबकडीवर अनेक थर; सभागृहांत त्याला हात दोनच. तेव्हां ताल आणि इतर कांहीं भाग अगोदर मुद्रित करून ध्वनिफितीवरून वाजवायचे आणि त्यावर तिघांनीं वाजवायचें व गायचें, ही पद्धत ठरली. कांहीं श्रोत्यांना हें फसवणुकीसारखें वाटे. तालवाल्याची जागा रिकामी पाहून ते हिरमुसत. परंतु फीत चालू झाली कीं ती थांबत नाहीं, एक ओळ जास्त घेतां येत नाहीं, चुकलें तर सांवरून घेणारा कोणी नाहीं. अशा फितीपुढें रोज रात्रीं उभें राहून फ्रेझरनें तान घ्यावी, हें भित्र्या माणसाचें काम खास नव्हे. धास्ती असणें आणि भित्रें असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१९८६ सालीं रेमंड दुसऱ्या कामांत गुंतला असतांना दोघांनीं ‘व्हिक्टोरियालँड’ केली. दक्षिण ध्रुवाकडील एका हिमप्रदेशाचें हें नांव. त्यांत ताल जवळजवळ काढूनच टाकला आहे. गिटारीचे तरंग आणि आवाज. आणि त्यांत मधूनच येतो तो तबला! ‘डिफ झूझ’ या मंडळींतील रिचर्ड थॉमस या वादकानें सॅक्सोफोनबरोबर तबल्याचाहि हात दिला आहे. तबल्याचा येथें ठेक्यासाठीं उपयोग फारसा नाहीं. बर्फांत दुरून कोणी चालत यावें तसा त्याचा नाद येतो. तबकडी यादींत दहाव्या क्रमांकावर गेली. ताल नाहीं, कळणारे शब्द नाहींत, आणि तरीहि एवढे लोक ती विकत घेतात, हें त्या वेळच्या व्यापाऱ्यांना चमत्कारिकच वाटलें असेल.

या सुमारास या संगीताला नांवहि मिळालें. तें कॉक्टो मंडळीनें दिलेलें नव्हे. लंडनमधील अ‍ॅलेक्स अयूली आणि रूडी तंबाला या आफ्रिकन वंशाच्या दोन तरुणांची ‘ए. आर. केन’ नांवाची जोडी होती. १९८७ सालीं त्यांची एक छोटी तबकडी फोर ए.डी.नेंच काढली आणि तिचें मुद्रण गथ्रीनें पाहिलें. आपल्या संगीताचें वर्णन करतांना अयूली यानें ‘ड्रीम-पॉप’ हा शब्द वापरला आणि समीक्षकांनीं तो उचलला. शब्द जगभर झाला; तो देणारे मात्र पुष्कळशा इतिहासांत तळटीपेपुरतेच उरले, ही गोष्ट न्यायाची नाहीं.

१९९० च्या सप्टेंबरांत आलेली ‘हेवन ऑर लास व्हेगस’ ही कॉक्टो मंडळीची सर्वांत प्रसिद्ध तबकडी. टेम्सकाठच्या ट्विकनहॅम येथील आपल्या स्टुडिओंत त्यांनीं ती केली. आदल्या वर्षीं गथ्री-फ्रेझर यांना मुलगी झाली होती. त्याच १९९० सालीं रेमंडचे वडील वारले. गथ्री व्यसनाच्या आहारीं गेला होता. जन्म, मृत्यु आणि नाश हीं तिन्ही एका छपराखालीं नांदत असतां जें गाणें झालें, तें आश्चर्य असें कीं, त्या मंडळीचें सर्वांत उजळ गाणें आहे. प्रथमच फ्रेझरचे शब्द ठिकठिकाणीं कळूं लागतात. तबकडी सातव्या क्रमांकावर गेली. या वेळीं दौऱ्यावर निघतांना मित्सुओ टाटे आणि बेन ब्लेकमन असे आणखी दोन गिटारवादक बरोबर घेतले. तीन गिटारी आणि एक बेस एकदम वाजूं लागल्यावर तबकडीवरचे थर निदान कांहीं अंशीं डोळ्यांसमोर उभे राहिले. श्रोत्याला कळलें कीं, जो आवाज एका माणसाचा वाटत होता तो खरोखर एका समुदायाचा आहे. आणि याच वर्षाच्या अखेरीस, यशाच्या ऐन शिखरावर, वॉट्स-रसेल यानें मंडळीशीं असलेला करार संपविला. दोन्ही बाजूंची मनें इतकीं आंबलीं होतीं कीं एकत्र काम करणें त्यांना अशक्य झालें होतें. ज्याच्या नांवाचें गाणें सहा वर्षांपूर्वीं केलें, त्याच्याशीं असा शेवट झाला.

पुढचीं वर्षें थोडक्यांत सांगण्यासारखीं आहेत. मंडळी एका मोठ्या कंपनीकडे गेली. १९९३ च्या सुमारास गथ्री आणि फ्रेझर विभक्त झालीं. गथ्रीनें व्यसन सोडण्यासाठीं उपचार घेतले. त्या वर्षींच्या ‘फोर-कॅलेंडर कॅफे’ या तबकडींत फ्रेझर साध्या, सरळ, कळणाऱ्या शब्दांत दुःख बोलते. पडदा सरकला तो येथें. १९९६ सालीं ‘मिल्क अँड किसेस’ निघाली, शेवटचे दौरे झाले, आणि १९९७ सालीं पुढच्या तबकडीचें काम चालू असतांनाच मंडळी मोडली. विभक्त झाल्यावरहि चार वर्षें हीं दोघें एकाच रंगमंचावर उभीं राहात होतीं. तिचा आवाज आणि त्याची गिटार यांचें एकमेकांत मिसळणें हेंच ज्या संगीताचें मर्म, तें संगीत रोज रात्रीं, परक्यांसमोर, त्याच जुन्या जवळिकीनें करून दाखवावयाचें! तबकडी ही शिक्षा देत नाहीं, रंगमंच देतो.

आतां दुसरी मंडळी. १९८९ सालीं, लंडनच्या पश्चिमेस रेडिंग या गांवीं, नील हॉल्स्टेड आणि रेचेल गॉझवेल या बालपणापासूनच्या मित्रांनीं ‘स्लोडाइव्ह’ नांवाची मंडळी काढली. दोघेंहि गात आणि गिटार वाजवीत. आणखी गिटारवादक हवा म्हणून जाहिरात दिली. ती बाईच हवी अशी अट होती. उत्तर एकच आलें, ख्रिश्चन सॅव्हिल नांवाच्या मुलाचें. हवें तर झगा घालून येतों, असें त्यानें लिहिलें होतें. त्याला घेतलें. निक चॅप्लिन बेसवर होता, आणि ड्रमवर कांहीं अदलाबदल होऊन सायमन स्कॉट आला. म्हणजे कॉक्टो मंडळींत जी जागा रिकामी होती, ती येथें भरलेली होती.

१९९० सालीं ‘क्रिएशन’ या स्वतंत्र कंपनीनें त्यांची पहिली तबकडी काढली. हीं मुलें जेमतेम विशीचीं. रंगमंचावर तीं सारा वेळ मान खालीं घालून उभीं राहात, कारण यंत्रें पायाशीं मांडलेलीं आणि तीं पायानेंच दाबावयाचीं. या पिढीच्या अशा सर्व मंडळींना वृत्तपत्रांनीं ‘बुटांकडे पाहणारे’ असें कुचेष्टेचें नांव दिलें. प्रथम कौतुक आणि वर्ष-दीड वर्षांत कुचेष्टा, हा ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांचा त्या काळचा नित्यक्रमच होता. १९९३ सालीं स्लोडाइव्हची ‘सूव्हलाकी’ ही तबकडी आली. आज ती या प्रकारांतील उत्तम कृतींपैकीं एक मानली जाते. त्या वेळीं एका साप्ताहिकाच्या समीक्षकानें लिहिलें कीं, ही पुन्हां ऐकण्यापेक्षां ओटच्या खिरीनें भरलेल्या न्हाणीच्या टबांत गुदमरून मरणें बरें. यादींत तबकडी ५१ व्या क्रमांकावर अडकली.

त्या तबकडीमागचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. हॉल्स्टेड आणि गॉझवेल यांचें प्रेम होतें, तें या सुमारास संपलें. हॉल्स्टेड वेल्समध्यें एकटा जाऊन राहिला आणि गाणीं लिहून परत आला. तीं गाणीं, अर्थात् या वियोगाचींच, त्यानें गॉझवेलबरोबर गायलीं. ब्रायन ईनो यासारख्या मान्यवर संगीतकारानेंहि दोन गाण्यांना हातभार लावला. यानंतर अमेरिकेचा दौरा निघाला; तेथील कंपनीनें मध्येंच पैसे थांबविले. तेव्हां टोरांटो येथील एका कार्यक्रमाच्या ध्वनिफिती विकून मंडळीनें उरलेला प्रवास भागविला. ज्यांच्या गाण्याला ‘रंगमंचावर निर्जीव’ म्हणून हिणवलें जाई, त्यांना त्याच रंगमंचावरच्या गाण्याची फीत विकून पोट भरावें लागलें, आणि ती विकली गेली!

पुढें हॉल्स्टेडचें मन आणखी विरळ संगीताकडे वळलें. १९९५ च्या ‘पिग्मॅलियन’ या तबकडींत एकेका सुराचीं आवर्तनें, मधल्या मोठ्या शांतता, आणि ताल नाममात्र. स्कॉट त्यापूर्वींच निघून गेला होता. वाजवायलाच कांहीं उरलें नाहीं तर तालवाल्यानें थांबावें कशाला? कंपनीला खपणारीं गाणीं हवीं होतीं. तबकडी निघाल्यावर आठवड्याभरांतच तिनें मंडळीला निरोप दिला. हॉल्स्टेड आणि गॉझवेल यांनीं ‘मोहावे थ्री’ ही नवी मंडळी काढली व ती, योगायोग पाहा, फोर ए.डी.कडे गेली. तेथें दोघें साधीं, यंत्रांशिवायचीं गाणीं वर्षानुवर्षें एकत्र गात राहिलीं.

मधल्या काळांत जगच बदललें. संगणकाच्या जाळ्यावरून जुन्या तबकड्या घरोघर पोंचल्या, आणि ज्यांचा जन्महि त्या वेळीं झाला नव्हता अशीं मुलें त्या ऐकूं लागलीं. साहजिकच मोडलेल्या मंडळींना पुन्हां बोलावणीं येऊं लागलीं. २००५ च्या आरंभीं कॉक्टो मंडळी कॅलिफोर्नियांतील कोचेला येथील उत्सवांत पुन्हां उभी राहणार असें जाहीर झालें. चाहत्यांना हर्ष झाला. पण थोड्याच आठवड्यांत फ्रेझर मागें सरली आणि सारा बेत रद्द झाला. गथ्रीबरोबर पुन्हां एका रंगमंचावर उभें राहणें आपल्याला शक्य नाहीं, अशा आशयाचें कारण तिनें पुढें सांगितलें. त्या दौऱ्यांतून प्रत्येकाला फार मोठी रक्कम मिळणार होती. तिला कोणी दोष दिला तर तो कृपणपणाचा होईल. तिनें नाकारलें तें पैशापेक्षां मोठें कांहीं होतें.

तिनें गाणें सोडलें असें मात्र नव्हे. १९९८ सालीं ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या मंडळीबरोबर गायलेलें ‘टिअरड्रॉप’ हें गाणें तर कॉक्टो मंडळीच्या कोणत्याहि गाण्यापेक्षां अधिक घरांत पोंचलें. आणि २०१२ च्या ऑगस्टमध्यें लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें ती स्वतःच्या नांवावर दोन रात्री गायली. साथीला दुसरी मंडळी होती. त्या रात्रीं तिनें कॉक्टो मंडळीचीं कांहीं जुनीं गाणींहि घेतलीं, नव्या जुळणींत. गाणीं तिचींच होतीं, तीं तिनें परत घेतलीं. पण ज्या गिटारीच्या धुक्यांतून तीं प्रथम आलीं, ती गिटार तेथें नव्हती. गथ्री फ्रान्समध्यें राहून शब्दांवांचूनचें संगीत करीत होता. रेमंडनें दोघांच्या जोडीनें काढलेली ‘बेला युनियन’ ही कंपनी पुढें एकट्यानें चालविली, आणि २०२४ सालीं वडिलांच्या व मंडळीच्या आठवणींचें एक पुस्तक लिहिलें.

स्लोडाइव्हला बोलावणें आलें तें २०१४ सालीं, बार्सेलोनाच्या प्रिमाव्हेरा उत्सवाचें. पांचहि जण आले. वीस वर्षांत प्रत्येकानें कांहीं ना कांहीं वेगळें केलें होतें. स्कॉट तर या काळांत विजेच्या ध्वनींचा गंभीर अभ्यासक झाला होता. पूर्वीं ज्या मंडळींतून तो वाजवायला कांहीं नाहीं म्हणून बाहेर पडला, तिच्यांत तो आतां ड्रमबरोबर ध्वनीचें हें नवें ज्ञानहि घेऊन परतला. परिणाम असा कीं, ‘पिग्मॅलियन’मधील ‘क्रेझी फॉर यू’ सारखें गाणें, जें मूळचें खोलींत बसून केलेलें, तें आतां जिवंत तालावर हजारों लोकांपुढें उभें राहिलें. समोर होतीं तीं बहुतेक विशीचीं मुलें. वीस वर्षांपूर्वींच्या समीक्षकांचीं मतें त्यांना माहीतहि नव्हतीं. २०१७ सालीं, बावीस वर्षांनीं, मंडळीनें नवी तबकडी काढली. २०२३ सालीं ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ आली. तीं गाणीं करण्याच्या काळांत, २०२० सालीं, गॉझवेलची आई आणि स्कॉटचे वडील वारले, त्यांना ती अर्पण केलेली आहे. या तबकडीनें मंडळीला ब्रिटनच्या पहिल्या दहांत प्रथमच जागा मिळवून दिली.

या मंडळीच्या कार्यक्रमांत शेवटाकडे पुष्कळदां एक गाणें येतें: ‘गोल्डन हेअर’. जेम्स जॉइसची एक छोटी कविता सिड बॅरेट यानें चालीवर बसविली आणि स्लोडाइव्हनें १९९१ सालींच ती आपल्या तऱ्हेनें मुद्रित केली. शब्द अगदीं थोडे आहेत. गॉझवेल ते संथपणें म्हणते. सभागृह शांत असतें. शब्द संपल्यावर ती मायक्रोफोनपासून मागें सरते आणि रंगमंचावरून निघून जाते. उरलेले चौघे वाजवीत राहतात. हॉल्स्टेड आणि सॅव्हिल यांच्या गिटारी हळूहळू चढूं लागतात, स्कॉटचा ताल खालून ढकलीत येतो, पडसादांवर पडसाद चढतात, आणि कित्येक मिनिटें तो नाद वाढतच जातो. समोर रिकामा मायक्रोफोन उभा असतो. श्रोते त्याच्याकडेच पाहात असतात.